दक्षिणा, फेलोशिप आणि संशोधकाचा तनखा

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास अभ्यासकाळात उदरनिर्वाहापुरते वेतन द्यावे ही कल्पना पीएच.डी. या पदवीच्या जोडीने युरोपातून आपल्याकडे आली, असा समज सुशिक्षित मंडळींत रूढ आहे. पदवीपुरता तो यथार्थ म्हणावा लागेल. कारण स्वतंत्र प्रबंध लिहून विद्यावाचस्पती होण्याची आजची रीत एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत परिणत झाली, तेथून ती अमेरिकेने उचलली, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या जुन्या विद्यापीठांनी तर पहिले महायुद्ध संपता संपता, तेही काहीशा नाखुशीनेच, तिचा स्वीकार केला. पैशाची कथा मात्र निराळी आहे. विद्वानाच्या योगक्षेमाची तरतूद सरकारी खजिन्यातून करावी, त्यासाठी त्याची परीक्षा घ्यावी, परीक्षकांची नेमणूक करावी, गुणांनुसार रकमेची प्रतवारी लावावी आणि या सगळ्याची नोंद दफ्तरी ठेवावी, हा सारा व्यवहार पुण्याला पेशवाईपासून परिचित होता. आणि ज्या नावाने तो चाले तेच नाव, अटी मात्र पुनःपुन्हा बदलत, इंग्रजी अमदानीतील कॉलेजांच्या फेलोशिपांपर्यंत आणि तेथून विसाव्या शतकातील समाजशास्त्राच्या एका प्रबंधापर्यंत येऊन पोहोचले. मला येथे त्या अटींचीच हकीकत सांगावयाची आहे. कारण विद्येसाठी रक्कम किती दिली यापेक्षा ती कोणाला, किती मुदतीची आणि कशाच्या बदल्यात दिली, यावरच त्या त्या काळी कोणती विद्या वाढली हे ठरत गेलेले दिसते.

श्रावणमासातील दक्षिणेचा उगम तळेगावच्या दाभाड्यांकडे जातो. सेनापती खंडेराव दाभाडे दरसाल विद्वान ब्राह्मणांस द्रव्य वाटीत; काही जण या प्रथेचा आरंभ शिवछत्रपतींपर्यंत नेतात. १७३१ साली डभईच्या लढाईत खंडेरावांचे चिरंजीव त्रिंबकराव पडले, आणि विजयी बाजीरावाने दाभाड्यांच्या सत्तेबरोबर त्यांच्या या दानधर्माचे यजमानपदही पुण्यास आणले. पराभूत सरदाराचे निशाण हस्तगत करणे ही युद्धातील नित्याची गोष्ट. पण त्याचे दानपात्रही हस्तगत करण्यात जी मुत्सद्देगिरी आहे तिचे मर्म ओळखणारा राज्यकर्ता विरळा. नानासाहेबांच्या कारकीर्दीत या दक्षिणेचा आकडा लाखांच्या घरात गेला, आणि काशीपासून कर्नाटकापर्यंतचे शास्त्री, वैदिक, पुराणिक व केवळ उदरार्थी असे हजारो लोक श्रावणात पुण्याची वाट चालू लागले. त्यांच्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी मोठे आवार घातले होते, तोच रमणा. ब्राह्मणांस आत घेऊन दरवाजे लावीत आणि मग एकेकास हातावर दक्षिणा ठेवून बाहेर सोडीत, म्हणजे एकाच माणसाने दोनदा हात पुढे करण्याची सोय राहत नसे. आजचे कोणतेही लेखापरीक्षण खाते या योजनेचे कौतुकच करील.

तथापि रमण्यातील गर्दी म्हणजे संपूर्ण दक्षिणा नव्हे. तेथे मिळत ते थोडे रुपये दानाच्या सदरात मोडत. विद्येचा खरा सत्कार वाड्यात होई. वेद, व्याकरण, न्याय, मीमांसा, ज्योतिष या विषयांत शास्त्रीमंडळी उमेदवाराची परीक्षा घेत, आणि त्याच्या योग्यतेप्रमाणे मोठी रक्कम, शालजोडी वा पुढील सालासाठी वर्षासन यांची शिफारस होई. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्याकडे या कामाची देखरेख असतानाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे सख्खे बंधू दक्षिणेसाठी पुढे आले तेव्हा शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी वीस रुपये सुचविले. बंधूंच्या ठायी विशेष विद्या नाही, सबब इतरांप्रमाणे दोनच रुपये द्यावेत, बाकी जे देणे ते भाऊ या नात्याने मी घरी देईन, असे म्हणून शास्त्रीबोवांनी दोन रुपयांवर त्यांची बोळवण केली. गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, ती सांगितली गेली आणि टिकली यावरून परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्या नात्यागोत्याचा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही टोचत होता हे उघड आहे. मात्र दुसरा, अधिक मोठा प्रश्न त्यांना टोचत नव्हता. खजिन्यात येणारा वसूल कुणब्याच्या नांगरामागून येई, आणि त्यातून विद्येसाठी निघणारी रक्कम एकाच वर्णाच्या पुरुषांकडे जाई, यात कोणास विसंगती दिसत नसे. ती दिसू लागण्यास आणखी एक शतक जावे लागले.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दक्षिणेचे काय करावे हा पेच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे उभा राहिला. एवढी रक्कम दरसाल वाटून टाकणे कंपनीच्या हिशेबी स्वभावास मानवणारे नव्हते, आणि ती एकाएकी बंद केली तर ज्या वर्गाच्या शब्दाला गावोगाव मान होता तो वर्ग दुखावणार होता. एल्फिन्स्टनने मधला मार्ग काढला. रमण्यातील सरसकट वाटप बंद झाले, परीक्षेस उतरणाऱ्यांपुरती, पन्नास हजारांच्या आसपासची रक्कम कायम राहिली, आणि या धोरणाचाच भाग म्हणून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या या पाठशाळेत जुनीच शास्त्रे जुन्याच पद्धतीने शिकवीत. अध्यापकांना वेतन आणि विद्यार्थ्यांना निर्वाहवेतन सरकारी तिजोरीतून मिळे. एल्फिन्स्टनच्या उदारपणाची स्तुती आपल्याकडे पुष्कळ झाली आहे आणि ती अस्थानी नाही. परंतु त्या उदारपणात राज्य स्थिर करण्याची निकड किती होती हेही विसरू नये. पैसा देणाऱ्याचा हेतू आणि पैसा घेणाऱ्याचा अभ्यास यांची वाट निराळी होऊ शकते, याचे हे पहिले इंग्रजी अमदानीतील उदाहरण. कारण जी पाठशाळा ब्राह्मणांचा रोष टाळण्यासाठी काढली तीच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने आगरकरांसारख्या सुधारकांची विद्याभूमी झाली.

एल्फिन्स्टननंतरच्या अधिकाऱ्यांना संस्कृत शास्त्रांविषयी एवढे ममत्व नव्हते. १८३६ च्या सुमारास सरकारने ठरविले की दक्षिणा घेणाऱ्यांत नवी नावे घालू नयेत. जे हयात आहेत त्यांना त्यांच्या हयातीपुरती द्यावी, आणि जसजशी माणसे मरतील तसतशी शिल्लक पडणारी रक्कम शिक्षणाच्या इतर कामी लावावी. मृत्यूने रिकामी होणारी जागा भरावयाची नाही, हा काटकसरीचा मार्ग तेव्हापासून आजपर्यंत आपल्या शिक्षणखात्याने कधी सोडला नाही. पण या शिल्लकेतूनच पुढचा वाद उपजला. १८४९ मध्ये गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि पुण्यातील काही नवशिक्षित तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस व भाषांतर करणाऱ्यांस द्यावा, आणि तो देताना जात पाहू नये. अर्जदार बहुतेक ब्राह्मणच होते, म्हणून सनातनी मंडळींचा संताप दुणावला. घरच्याच पोरांनी घरचे ताट दुसऱ्यापुढे सरकवावे हा अपराध त्यांना असह्य वाटला. अर्ज देणाऱ्यांवर हल्ला होईल अशी भीती उत्पन्न झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपली माणसे त्यांच्या रक्षणास उभी केली, असे जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. सरकारने अर्ज मान्य केला आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठीत लिहिणाऱ्याला सार्वजनिक पैशातून पारितोषिक मिळण्याची ही सुरुवात होय.

जात पाहू नये असे कागदोपत्री ठरले, पण ग्रंथाची योग्यता ठरविणाऱ्या कमिटीत कोण बसावे हे ठरविण्याचे राहून गेले. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. एका अज्ञानी कुणबी दांपत्यास जोशीबोवा ग्रहदशेच्या भयाने कसे नाडतो आणि विद्येने त्याच्या डोळ्यांवरील पडदा कसा दूर होतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते नापसंत केले. तिच्यातील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी फिर्याद जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली. ज्या निधीची दारे उघडण्यासाठी त्यांनी आपली माणसे उभी केली, त्याच निधीच्या परीक्षकांनी त्यांचे हस्तलिखित परत केले. आज विद्यापीठात विषयमान्यतेच्या समितीपुढे हात जोडून उभ्या असलेल्या उमेदवारास, ज्याचा विषय समितीतील कोणाच्याच अभ्यासाचा नसतो, या प्रसंगाचे स्वारस्य अधिक कळेल.

इकडे १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि पुण्यातील इंग्रजी शाळा यांचे एकीकरण होऊन पूना कॉलेज झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि दक्षिणेच्या निधीला तिसरे रूप मिळाले. सरकारी कॉलेजांतील निवडक हुशार विद्यार्थ्यांस या निधीतून मासिक वेतन देऊन काही वर्षे कॉलेजातच ठेवावे, त्यांनी स्वतःचा पुढील अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांस शिकवावे, अशी दक्षिणा फेलोशिपची योजना होती. आजच्या संशोधक विद्यार्थ्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल, विशेषतः शिकविण्याचे काम कधी अभ्यासाला पूरक आणि कधी अभ्यासाच्या मुळावर येणारे असते या अनुभवासकट. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग झाले, गोपाळ गणेश आगरकर झाले. भांडारकर फेलो असतानाच संस्कृताच्या गंभीर अध्ययनाकडे वळले, आणि त्यांनी जुन्या शास्त्र्यांपाशी बसून मिळविलेल्या विद्येला युरोपीय चिकित्सेची जोड दिली. म्हणजे ज्या शास्त्र्यांना पेशव्यांनी दक्षिणा दिली त्यांची विद्या आणि ज्या दक्षिणेवर इंग्रजांनी फेलो पोसले ती दक्षिणा, या दोहोंचा संगम एका व्यक्तीच्या ठायी झाला. १८८५ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय पीएच.डी. अर्पण केली, तेव्हा हिंदुस्थानातील विद्यापीठांत त्या पदवीचे नावही नव्हते. मुंबई विद्यापीठ तर परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे यापलीकडे जात नव्हते. अध्यापनाची मोकळीक मिळण्यास १९०४ चा कायदा व्हावा लागला. एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. फेलोशिप संपली की फेलोला वकिली, न्यायखाते किंवा शिक्षणखाते यांपैकी एखादी वाट धरावी लागे. संशोधन हेच आयुष्याचे काम मानणाऱ्यास बसावयास जागा नव्हती. रानड्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र लिहिले ते न्यायासनावरून उठल्यावर उरलेल्या वेळात.

दक्षिणेच्या धारेपासून दूर, संस्थानिकांच्या दरबारात, विद्यार्थी परदेशी पाठविण्याची एक वेगळी परंपरा वाढत होती, आणि तिच्यात बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव अग्रभागी आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांना केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोदे सरकारची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. १९१३ मध्ये त्याच दरबाराने त्यांना न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. करारनामा झाला. अभ्यास ठरलेल्या विषयांचा करावा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, अशी अट होती. आजच्या वाचकास दहा वर्षे हा काळ जुलमी वाटेल. पण संस्थानच्या दृष्टीने पाहिले तर ते दान नव्हते, भावी अंमलदारावर केलेला खर्च होता, आणि अशा खर्चाची परतफेड सेवेतच व्हावयाची असते.

आंबेडकरांनी १९१५ मध्ये एम.ए. केले, १९१६ मध्ये हिंदुस्थानच्या राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंध कोलंबियास सादर केला, आणि तेथून लंडनला जाऊन अर्थशास्त्र व कायदा यांचा एकदम अभ्यास आरंभिला. तोच मुदत संपली. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले, आणि करारनाम्याप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. पुढे काय घडले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. परदेशी विद्यापीठाने ज्याच्या प्रबंधाची दखल घेतली त्याला बडोद्यात राहावयास खोली मिळेना, कचेरीतील शिपाई त्याच्याकडे कागद दुरून फेकीत, आणि पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. शिष्यवृत्तीच्या करारात सेवेची अट होती. सेवा करण्याजोगी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी मात्र त्यात कोणावर टाकलेली नव्हती. सयाजीरावांच्या सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्याला पाठविणारा राजा आणि तो परतल्यावर त्याला घर नाकारणारे शहर एकाच राज्यात नांदत होते, आणि दरबारच्या हुकमाचा अंमल शहराच्या मनावर चालत नव्हता.

लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी आंबेडकरांनी मग सरकारी दाराशी जाणे टाळले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या वेतनातून त्यांनी पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र अजून बाकीच होती. त्या विद्यापीठाचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही. आणि छपाईचा खर्च अर्थातच उमेदवाराचा. तो प्रबंध वाढवून, सुधारून, १९२५ मध्ये ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि १९२७ मध्ये पदवी हाती आली. प्रबंध सादर केल्यापासून अकरा वर्षे! ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधनपर लेख प्रसिद्ध झाला पाहिजे अशी अट पुष्कळ वर्षे ठेवली आणि २०२२ च्या नियमावलीत ती गाळली, तेव्हा पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट हे कारण सांगितले गेले. छापण्याच्या सक्तीचा भार निर्धनावर अधिक पडतो हे कारण कोणी सांगितले नाही, ते आंबेडकरांच्या चरित्रात लिहिलेले होते.

मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांची स्वतंत्र शाखा काढली आणि पॅट्रिक गेडिस यांना समाजशास्त्राच्या अध्यासनावर बसविले, ही आपल्या संशोधनाच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. गेडिस यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या एका मालवणी संस्कृतज्ञास, गोविंद सदाशिव घुर्ये यांस, विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठविले. घुर्ये प्रथम लंडनला आणि नंतर केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ च्या जूनमध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले, तेव्हा हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पुरा केला. १९२४ मध्ये परतून ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. विद्यापीठाने एका विद्यार्थ्यावर केलेला तो खर्च किती पटींनी वसूल झाला याचा हिशेब घुर्ये यांच्या शिष्यांच्या यादीवरून मांडावा. त्या यादीत एम. एन. श्रीनिवास आहेत, आणि गुरूच्या मतांशी ज्यांचे मुळीच जुळत नव्हते ते मार्क्सवादी अ. र. देसाईही आहेत.

त्याच यादीत इरावती कर्वे आहेत, आणि येथे दक्षिणा पुन्हा भेटते. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावतीबाईंनी दक्षिणा फेलोशिप मिळविली आणि त्या घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. १९२८ मध्ये त्यांनी एम.ए.साठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःची जात. ज्या कुळातल्या पेशव्यांनी ब्राह्मणांना दक्षिणा वाटली, त्याच कुळाच्या जातीची मानववंशशास्त्रीय तपासणी एका स्त्रीने दक्षिणेच्याच वेतनावर केली! रमण्याच्या दरवाजावर जिला कोणी उभीही केली नसती ती आता वाटप करणाऱ्यांच्या जातीचे मोजमाप घेत होती. पेशव्यांच्या, एल्फिन्स्टनच्या किंवा लोकहितवादींच्या मनातही जे आले नसते ते एका फेलोशिपच्या नियमाने घडवून आणले. केवळ पात्रतेच्या अटीतून वर्ण आणि लिंग गळून पडले म्हणून.

पण पुढचे शिक्षण पुन्हा पैशापाशी अडले. इरावतीबाईंना बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानवशास्त्र शिकावयाचे होते, आणि त्यांचे श्वशुर महर्षी धोंडो केशव कर्वे या बेताला अनुकूल नव्हते. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढणाऱ्या पुरुषाने सुनेच्या परदेशी जाण्यास आडकाठी करावी, हे वाचून आश्चर्य वाटते खरे. परंतु अण्णासाहेबांच्या कल्पनेतील स्त्रीशिक्षण गृहिणीपदाला पूरक होते, कवट्या मोजण्याला नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे आश्चर्य ओसरते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकलेले; त्यांचा पाठिंबा होता, आणि जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी मानवी कवटीच्या असमतोलाचा अभ्यास केला आणि त्या असमतोलाचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष मांडला. पुढे नाझी वंशशास्त्राचा आधारस्तंभ झालेल्या गुरूपुढे हे मांडण्यास धैर्य लागले असेल. ते धैर्य उसन्या पैशावर दाखविले, ही त्यातली विशेष गोष्ट. कर्ज देणाऱ्याने निष्कर्षावर अट घातली नव्हती.

सरकारने काटकसरीचे कारण दाखवून १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद केले. येरवड्याच्या इमारतीसाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेला एक लाख रुपये हा न्यास आहे, तो मोडण्याचा सरकारास अधिकार नाही, असे म्हणून माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि मु. रा. जयकर यांच्यासारख्यांच्या खटपटीने १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावतीबाई समाजशास्त्राला, सांकलिया पुरातत्त्वाला, कत्रे भाषाशास्त्राला आले. रानड्यांना जी मिळाली नाही ती जागा, म्हणजे संशोधनासाठीच नेमलेला पगारी अध्यापक आणि त्याच्याभोवती प्रबंधाचे विद्यार्थी, या संस्थेने पुण्यात निर्माण केली. दहा वर्षांनी पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू जयकरच झाले.

स्वातंत्र्यानंतरची कथा अधिक परिचित, आणि खरे सांगावयाचे तर कमी रोचक आहे. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले, १९५६ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, आणि दरबार, दानशूर व विद्यापीठे यांच्याकडे विखुरलेली शिष्यवृत्ती दिल्लीच्या एका कचेरीत एकवटली. १९८९ पासून ‘नेट’ ही परीक्षा रूढ झाली. तिच्यात वरच्या क्रमांकाने उतरणाऱ्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा सदतीस हजार व पुढे बेचाळीस हजार रुपये अशी झाली. ही रक्कम समाधानकारक आहे. पण जो नेटच्या त्या वरच्या पायरीवर चढला नाही त्याचे काय, याचे उत्तर तो कोणत्या विद्यापीठात आहे यावर अवलंबून असते. २००६ मध्ये आयोगाने असा विद्यार्थी केंद्रीय विद्यापीठात असेल तर त्यालाही तनखा द्यावा असे ठरविले. तो पुढे पीएच.डी.साठी दरमहा आठ हजारांवर स्थिरावला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा दिल्लीत विद्यार्थ्यांनी आयोगाच्या दाराशी मुक्काम ठोकला आणि सरकारला तो चालू ठेवावा लागला. परंतु मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही विद्यापीठे राज्याची. तेथील विद्यार्थ्याच्या नावावर ते आठ हजारही कधी लागले नाहीत. एकाच देशात, एकाच आयोगाच्या नियमाखाली, एकाच पदवीसाठी झटणाऱ्या दोघांत हा भेद करण्यास कोणते शैक्षणिक तत्त्व कारण आहे हे मला आजवर समजलेले नाही. त्याच आयोगाने २०१६ मध्ये पीएच.डी.ला किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत घातली, आणि स्त्रियांना दोन वर्षांची सवलत व दोनशे चाळीस दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपनाची रजा दिली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

ही पोकळी भरण्याचे काम महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांकडे आले. अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागासवर्ग यांतील संशोधकांना त्या अधिछात्रवृत्ती देतात, आणि मराठवाड्यातील किंवा विदर्भातील कित्येक घरांत पहिला प्रबंध त्या पैशावर लिहिला गेला आहे. त्यांचा दोष उदारपणाच्या अभावात नाही, नियम उशिरा आणि उलट्या क्रमाने करण्यात आहे. विद्यार्थ्याने आधी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यावी, विषय मान्य करून घ्यावा, नोंदणी करावी, नोकरी सोडावी. आणि मग जागा मर्यादित आहेत म्हणून तनख्यासाठी पुन्हा वेगळी परीक्षा द्यावी, असे फर्मान निघाले. नोंदणी झालेल्यांची संख्या हजारांत आणि दर संस्थेच्या जागा दोनशे, हा त्या फर्मानामागील हिशेब. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात हा विषय निघाला तेव्हा पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा सवाल एका ज्येष्ठ मंत्र्यांनी सभागृहात केला. त्याच महिन्यात झालेल्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिका पुन्हा दिल्याचे उघडकीस आले आणि ती परीक्षा रद्द झाली. जानेवारी २०२४ मध्ये ती फिरून घेतली तेव्हा प्रश्नसंच मोहोरबंद नाहीत या आक्षेपावरून ठिकठिकाणच्या परीक्षार्थींनी तिच्यावर बहिष्कार घातला, आणि प्रबंधांचे काम बाजूला ठेवून ते तनख्याच्या मागणीसाठी धरणे धरू लागले.